दिवा बंद करा, बाई!

'कधीतरी येते गं!' हे वाक्य मी माझ्या मैत्रिणीला दोन वर्षांत किती वेळा पाठवलं असेल, ते व्हॉट्सअ‍ॅपवर सर्च मारून मोजता येईल. मी अजून मोजलेलं नाही. हिंमत होत नाही. तुमच्याही फोनमध्ये असा एक तरी चॅट असणारच. कुणीतरी शहर सोडून गेलेलं, दर दोन महिन्यांनी प्रेमाने 'ये ना' म्हणणारं, आणि आपण इकडे कॅलेंडर बघून उसासे टाकणारे...

मैत्रिणीचं नाव इथे छापायचं नाही अशी तिची अट आहे. हॉस्टेलवर आम्ही तिला 'नासा' म्हणायचो, तेच चालवू. बीएस्सी फिजिक्स, मग बीएड, मग अंधेरीत एका कंपनीत तीन वर्षं एसी आणि पीपीटी. लॉकडाऊनमध्ये बाकीचं जग डाल्गोना कॉफी घोटत होतं तेव्हा हिने सेकंडहॅण्ड टेलिस्कोप विकत घेतला. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात अगदी चिकटल्यासारखे दिसले होते, आठवतंय? ती संध्याकाळ तिने सोसायटीच्या गच्चीवर वॉचमनकाकांसोबत साजरी केली. बोलावलं मलाही होतं. माझी डेडलाइन होती. (नक्की कशाची, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.) पुढे दोन वर्षांनी तिने नोकरी सोडली आणि पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातल्या झरीजवळ एका शाळेत विज्ञान शिकवायला गेली. पगाराचा आकडा ऐकून माझ्या आईने तिच्या आईला सांत्वनाचा फोन केला होता. एवढं सांगितलं की पुरे.

तर, जानेवारी २०२५. त्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे २६ जानेवारी रविवारी आली. हक्काची सुट्टी रविवारात बुडाली की ऑफिसवाल्यांच्या जिवाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! आणि दुसरी, सगळ्यांच्या फोनवर एक फॉरवर्ड फिरायला लागला. २५ तारखेला सहा ग्रह एका रेषेत येणार, परेड होणार, चुकवू नका, वगैरे. मी फ्रीलान्सर. असा फॉरवर्ड म्हणजे माझा महिन्याचा किराणा. चार टॅब उघडून पाऊण तासात चारशे शब्द पाडले आणि एका वेबसाइटला पाठवून दिले. 'दुर्मीळ' हा शब्द मी त्यात तीनदा वापरला होता.

लिंक नासाला पाठवली. अंगठा आला. मग मेसेज आला, 'छान. पण तू पाहिलेस का?'

मी काही टाइप करायच्या आत पुढचा आला. 'ते महिनाभर रोज दिसतायत. सहातले चार नुसत्या डोळ्यांनी. आणि ग्रह नेहमी जवळपास एकाच पट्ट्यात दिसतात, कारण ते सगळे साधारण एकाच पातळीत सूर्याभोवती फिरतात. रेषा नवीन नाही.'

आणि मग फक्त, 'ये.'

पत्रकाराला 'तू स्वतः पाहिलंस का' हा प्रश्न कुणी विचारू नये. फार लागतो. शनिवारी दुपारी मी बोरिवलीला डहाणू लोकल पकडली.

आकाश बघायचं म्हटलं की मुंबईकर कर्जत लाइन पकडतो आणि वांगणीला उतरतो. हॅलेचा धूमकेतू आला होता त्या सुमारास, १९८५-८६ मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि त्यांच्या वांगणीच्या रात्री तर फेमसच. रात्रभर सतरंजीवर झोपून आकाश बघितलेले निदान दोन जण तुमच्याही ऑफिसात सापडतील. माझा प्रवास उलट दिशेचा. विरार गेलं, सफाळे गेलं, बोईसरला डबा निम्मा रिकामा झाला, आणि डहाणू रोडच्या बाहेर नासा मोटरसायकलवर बसून चिकू खात होती. दोन वर्षांत काळी झाली होती, आणि अंधेरीत असताना कधी दिसली नव्हती इतकी निवांत दिसत होती. 'आलीस,' एवढंच म्हणाली. मी 'सॉरी' म्हणायची तयारी करून आले होते. ते तिने म्हणू दिलं नाही, हेल्मेट हातात दिलं.

तासाभराचा रस्ता. आधी चिकूच्या वाड्या, मग ताडाची झाडं आणि त्यांना लटकलेली मडकी, मग नुसता माळ आणि कापणी झालेली भाताची खाचरं. गुजरातची हद्द इथून जवळ. झरी पूर्वी उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं, झरी इकडे राहिलं. ती जिथे राहते तो पाडा गावापासून थोडा बाजूला आहे. त्याचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल.

टेलिस्कोप बघून माझा जरा पोपट झाला. माझ्या डोक्यात सिनेमातला, तीन पायांवर उभा, पितळी वगैरे. इथे पाण्याच्या पाइपसारखं चार फुटी नळकांडं आणि ते ठेवायला लाकडी खोकं. सहा इंची आरसा, बस्स. याला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होता. मठात राहून हा जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा मिळवायचा, हाताने घासून आरसे करायचा आणि रात्री शेजारपाजारच्यांना आकाश दाखवायला निघायचा. मठाला हे फार काळ मानवलं नाही. १९६७ साली त्याला बाहेर पडावं लागलं. मग त्याने दुर्बिणी थेट फुटपाथवर आणल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट शनी दाखवायला लागला. २०१४ मध्ये वारला, ९८ वर्षांचा होऊन. नासाच्या खोलीत देवाचा फोटो नाही, पण या माणसाचा प्रिंटआउट आहे.

सूर्य मावळायच्या तासभर आधी दुर्बीण बाहेर काढायची असते. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला नाही तर आतल्या आत हवा थरथरते आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखे हलतात. दोन पोरांनी नळकांडं उचललं, दोघांनी खोकं. शाळेच्या मागच्या पटांगणात दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. 'रेषेवर पाय देऊ नका,' नासा ओरडली. मग लांबच्या एका ताडाच्या शेंड्यावर दुर्बीण रोखून तिने वरची छोटी शोधक दुर्बीण जुळवून घेतली. मी डोळा लावला. ताड उलटा! मडकं वर, शेंडा खाली. पोरं माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. नवीन पाहुणा उलटा ताड बघून काय म्हणतो, हा त्यांचा ठरलेला टीपी असावा.

साडेसहाच्या सुमारास सूर्य गेला आणि पश्चिमेला शुक्र पेटला. पेटला हाच शब्द. दुर्बिणीत मात्र तो अर्ध्या चंद्रासारखा दिसतो, कारण शुक्रालाही कला असतात. 'बाई, चंद्र!' असं एक नवं पोरगं किंचाळलं आणि जुनी पोरं हसून हसून लोळली. इकडे सगळे तिला 'बाई' म्हणतात. मी दोनदा चुकून नासा म्हटलं तर पोरांनी 'नासा बाई' असं नवीन नाव पाडलं. तिने माझ्याकडे जो लूक दिला तो मी जन्मात विसरणार नाही.

शुक्राच्या थोडा खाली एक पिवळट, शांत ठिपका होता. शनी. माझ्या त्या लेखात मी लिहिलं होतं, 'शनीची विलोभनीय कडी डोळ्यांचं पारणं फेडतील.' डोळा लावला. कडी कुठे आहेत? एक फिकट मणी आणि त्यातून आरपार गेलेली एक काडी. नाक्यावरच्या दुकानाबाहेर तारेत ओवलेलं लिंबू टांगतात ना, तसं काहीतरी.

'हे काय? बिघडलाय का तुझा टेलिस्कोप?'

'बिघडलाय तुझा लेख,' ती म्हणाली.

झालं होतं असं, की शनीची कडी आपल्याला कधी पसरट दिसतात, कधी कडेवरून. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या बरोबर पातळीत येणार होती, म्हणून जानेवारीतच ती काडीएवढी बारीक झाली होती. दर १४-१५ वर्षांनी हे होतं. गॅलिलिओलाही हाच गंडा बसला होता. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना कानांसारखं काहीतरी दिसलं. १६१२ मध्ये बघतो तर कान गायब! बिचारा चक्रावून गेला. ती कडी आहेत हे ओळखायला पुढे हायगेन्स यावा लागला. पण गॅलिलिओने निदान बघून लिहिलं होतं. मी न बघता लिहिलं होतं, आणि माझ्या चारपैकी एकाही टॅबमध्ये काडीचा उल्लेख नव्हता. किंवा होता आणि मी स्क्रोल केला. हे मी तिथे अंधारात कुणाला बोलून दाखवलं नाही, इथे दाखवतेय.

रांग लागली होती. शिस्त अशी, की एकाने बघायचं, ग्रह कडेला सरकला की दुर्बीण हलकेच ढकलून परत मध्ये आणायचा आणि मग पुढच्याला द्यायची. मोठ्या पॉवरवर दीड-दोन मिनिटांत ग्रह चौकटीबाहेर जातो. मला वाटलं कुणाचा धक्का लागतोय. 'पृथ्वी फिरते ना, ताई,' एका मुलीने मला सांगितलं. सातवीतली होती. हीच त्या रांगेची हवालदार. कुणाच्याही हातात मोबाइल चमकला की ही गरजायची, 'दिवा बंद!' डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलची एक झलक ती सगळी कमाई उडवते. लाल उजेड त्यातल्या त्यात चालतो. म्हणून बाईंच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपरचे तीन थर, रबरबॅण्ड लावून. मी सवयीने इन्स्टासाठी फोन काढला. 'दिवा बंद करा, बाई!' ती मला म्हणाली. मुकाट्याने खिशात टाकला. त्या रात्रीचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

आठनंतर गुरू जवळजवळ डोक्यावर आला, रोहिणीच्या शेजारी. सरळ वर बघायचं म्हटलं की ही दुर्बीण हट्टी होते, ढकलायला कुठला कोनच मिळत नाही, आणि माणसाला मात्र डोळा लावून वाकडंतिकडं उभं राहावं लागतं. पण गुरूच्या बाजूला एका ओळीत बसलेले ते बारीक ठिपके! गॅलिलिओने हेच चंद्र जानेवारीतच पाहिले होते, १६१० च्या. पूर्वेला पुनर्वसूजवळ लालसर मंगळ. मग मृग. तुम्हाला ते तीन ताऱ्यांचं ओळखीचं चिन्ह माहीत असेलच, मुंबईतून दिसणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक. त्याखाली एक धुरकट डाग आहे, तिथे दुर्बीण नेली तर राखाडी पिसासारखा ढग आणि मध्ये चार हिऱ्यांचे कण. तिथे तारे जन्माला येतायत. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. इंटरनेटवरचे त्याचे जांभळे-गुलाबी फोटो विसरा. डोळ्याला तो राखाडीच दिसतो, आणि मला तसाच आवडला.

जेवण तिच्या शेजारच्या मावशींकडे. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, भाजलेली सुकी मिरची. अंगणात चुलीजवळ बसलो होतो तेव्हा पाच-सहा बायका आल्या. नासाने एक कागद काढला. लाल टॉर्चच्या उजेडात एकेकीने सही केली, दोघींनी अंगठा दिला. मला वाटलं बचत गटाचं काहीतरी असेल. मी डोकावले.

ग्रामसभेला अर्ज. २६ जानेवारीला ग्रामसभा असते, तिथे द्यायचा. पाड्यावरच्या बोअरवेलच्या चौकात हायमास्ट दिवा मिळावा. अक्षर नासाचं.

बोअरवेल शाळेच्या पटांगणापासून दीडशे पावलांवर आहे.

बायका गेल्यावर मी सुटले. तुला वेड लागलंय का, तुला कळतंय का काय होईल, तो हायमास्ट लागला की तुझा मृगाचा ढग गेला, सगळं गेलं, ज्यासाठी इथे आलीस तेच तू सही करून देऊन टाकतेयस. आणि बरंच काही. अंधार हा कसा ठेवा आहे वगैरे. मुंबईहून दुपारी निघालेली बाई संध्याकाळी अंधाराची वकील झाली होती.

तिने शांतपणे आमटी संपवली. मग म्हणाली, 'ती सातवीतली, दिवा बंद म्हणून ओरडते ना सारखी? तिला ऑगस्टमध्ये मण्यार चावली. रात्री, त्याच वाटेवर. परसाकडे निघाली होती. चावलेलं कळत पण नाही नीट, मुंगी चावल्यासारखं वाटतं. मी हिला मागे बसवून नेलं. तिची आई तिला धरून तिसरी. वाटेत तिच्या पापण्या पडायला लागल्या.'

'वाचली ना पण...'

'वाचली. चार दिवस हॉस्पिटलात. तू दोन वर्षांत एक रात्र आली आहेस. त्यांना ३६५ असतात.'

यावर बोलण्यासारखं काय असतं? मी भाकरीचा तुकडा मोडत बसले. मला खरं तर हा सगळा वीकएण्ड एका वेगळ्या कामासाठी हवा होता, तेही आता सांगून टाकते. 'मुंबईजवळची डार्क स्काय डेस्टिनेशन्स' अशी एक स्टोरी डोक्यात होती. कसं जाल, कुठे राहाल, काय खाल. पाड्याचं नाव मी का देत नाही ते कळलं असेल.

मग ती म्हणाली, 'तू मास कॉम केलंयस ना? मग जरा ही एक ओळ बघ.' अर्जाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'प्रकाशप्रदूषण टाळण्याच्या दृष्टीने दिवा आच्छादित असावा.' दिव्याचा उजेड वर आणि आडवा जातो तो सगळा फुकट जातो, आकाश तोच खराब करतो. वरून झाकण असलं, तोंड खाली असलं, रंग पांढराफटक नसून पिवळसर असला, की रस्ताही दिसतो आणि आकाशही बरंचसं वाचतं. हे काही स्वप्नरंजन नाही. आपल्याच नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतून दिवे काढले नाहीत, जमिनीकडे तोंड करून बसवले.

मी पेन घेतलं. 'प्रकाशप्रदूषण' खोडलं. लिहिलं, 'उजेड वाया न जाता पूर्ण रस्त्यावर पडावा म्हणून दिव्याला वरून झाकण असावे व त्याचे तोंड खाली असावे.' तिने वाचलं आणि म्हणाली, 'हे पास होईल.' माझ्या डिग्रीचा इतका थेट उपयोग त्याआधी कधी झाल्याचं मला आठवत नाही. कागद फेअर करून घेतला, शेजारच्या दोन घरांतून सह्या परत आणल्या, बाकीच्या सकाळी घ्यायचं ठरलं.

पोरं झोपायला गेली होती. आम्ही दोघी परत पटांगणात. दव पडायला लागलं होतं, चादरी ओल्या. उत्तरेकडे गुजरातच्या बाजूला कारखान्यांच्या दिव्यांची पिवळट कड दिसत होती. एरवी मी तिकडे लक्षही दिलं नसतं. दक्षिणेला खाली अगस्त्य.

तिने मोबाइल मिनिमम ब्राइटनेसवर करून मला एक गोष्ट दाखवली. स्टेलॅरियम नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. गाव आणि तारीख टाकली की त्या रात्रीचं आकाश दाखवतं. तिने तारीख टाकली होती २३ मे १९४५. त्या दिवशी झरीत सुमारे ५,००० वारली जमले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे भरवलेली सभा. सावकाराच्या आणि जमीनदाराच्या शेतावर वेठीला जायचं नाही, दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असं तिथे ठरलं. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे आयुष्यभर राबायची, त्याला 'लग्नगडी' म्हणत. वारल्यांचा उठाव इथून पेटला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आईच्या कपाटात होतं. मी लहानपणी फक्त पाठ पाहिली होती.

'मुलांना इतिहासाच्या तासाला हे दाखवते,' ती म्हणाली. 'तुमचे पणजोबा आले असतील तर त्यांनी हे आकाश पाहिलं. बघ, चंद्र.' खरंच, स्क्रीनवर मोठा चंद्र होता. पौर्णिमेला तीन-चार दिवस उरलेले.

'म्हणजे रात्री घरी चालत जाताना उजेड असेल त्यांना.'

'त्या दिवशी असेल,' ती म्हणाली. 'रोज कुठे असतो!'

झोपण्याआधी शेवटचं म्हणून तिने मला देवयानी दाखवली. आधी नुसत्या डोळ्यांनी. पश्चिमेला कलत चाललेला एक पुसट डाग, सरळ बघितलं की नाहीसा होतो. जरा बाजूला बघायचं, म्हणजे तो डोळ्याच्या कडेला उमटतो. मला दहा मिनिटं लागली. मग दिसला. २५ लाख प्रकाशवर्षं. तिथून तो उजेड निघाला तेव्हा आपण माणसं म्हणून अस्तित्वातही नव्हतो. हे वाक्य मी आधी कुठेतरी लिहिलेलं आहे, शंभर टक्के. पण तेव्हा तो डाग पाहिलेला नव्हता.

'सॉरी गं,' मी म्हटलं. '२०२० चं पण.'

'तेव्हा ढग होते थोडे,' ती म्हणाली. नव्हते. तिनेच फोटो पाठवले होते, मला आठवतंय.

सकाळी झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. मी मागे बायकांच्यात बसले. अर्ज वाचला गेला, झाकणाच्या ओळीवर कुणी एक अक्षर बोललं नाही, मंजूर. दुपारच्या लोकलने मी घरी. त्या वेबसाइटला 'दुर्मीळ'बद्दल दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं नाही, लेखाला हिट्स मात्र झकास होत्या.

दिवा लागला दिवाळीनंतर. नासाचा मेसेज आला, 'लागला. झाकण नाही आलं.' माझं तोंड पडलं. मग दुसरा आला. 'वायरमनला दोनदा चहा पाजून चारही हेड खाली वाकवून घेतली. शाळेकडचं जास्त. तू कधी येतेस?'

'कधीतरी' टाइप करता करता थांबले. कालनिर्णय काढलं. २० डिसेंबरचा शनिवार, अमावास्येला लागूनच. तेच कळवलं.

हायमास्टच्या खाली रात्री आठला बायका पाणी भरत होत्या, दोन पोरी बॅडमिंटन खेळत होत्या, एक आजोबा उगाचच खुर्ची टाकून बसले होते. पटांगणातून मृगाचा ढग आता दिसतो, पण पिसासारखा नाही, बोटाच्या ठशासारखा. म्हणून दुर्बीण दहा मिनिटं पुढे खाचरात न्यायची. ती सातवीतली आता आठवीत, सगळ्यांच्या पुढे, टॉर्च न लावता, उजेड संपतो तिथपर्यंत झपझप चालत. तिथे थांबून ती मागे वळली आणि माझ्या खिशाकडे बघितलं. मी फोन स्विच ऑफ करून दाखवला.

शनीची काडी अजून काडीच होती, उलट आणखी बारीक. पाचवीतल्या एका नव्या मुलाने डोळा लावला, काढला आणि तोंड वाकडं केलं. 'एवढंच?'

'आता एवढंच,' ती म्हणाली. 'मी दहावीला जाईन तेव्हा बघ. तोवर गुरू बघ.' आणि तिने त्याच्या पायाखाली खोकं सरकवलं.